ख्रिस्तपुराणांतील भाषास्तुतीच्या चार ओव्या : रचना, यमक व पाठनिर्णय

फादर टॉमस स्टीफन्स याच्या ख्रिस्तपुराणाच्या पहिल्याच अध्यायांत (अध्यायास ग्रंथकार ‘अवस्वरू’ म्हणतो) मराठी भाषेच्या स्तुतीच्या ज्या चार ओव्या आहेत, त्या ठाऊक नाहींत असा मराठी वाचक विरळा. व्याख्यानांतून, भाषाविषयक लेखांतून व शाळांच्या वर्गांतून त्यांचा उच्चार इतक्या वेळां झाला आहे कीं, त्यांच्याविषयीं नवें बोलण्यासारखें कांहीं उरलें नसावें असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु एका परदेशीय धर्मोपदेशकानें आपल्या भाषेची थोरवी गाइली, ह्या कौतुकापलीकडे त्यांचा विचार सहसा जात नाहीं. त्यांची बांधणी कशी आहे, यमक कोठें पडतें, उपमानें कोणत्या क्रमानें येतात, हे प्रश्न मागेंच राहतात. प्रस्तुत लेखांत त्यांचाच विचार करावयाचा आहे. व तो करीत असतां एका चरणाच्या विच्छेदाचा निर्णय कसा होतो, आणि त्यापासून पोथ्यांचा संग्रह करणारांनीं काय घ्यावें, हें दाखवावयाचें आहे. ओव्या सुप्रसिद्ध असल्यामुळें येथें उतरून घेतलेल्या नाहींत. वाचकांनीं आपली प्रत समोर ठेवावी.

(१) ग्रंथ व त्याच्या प्रती

स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत सुमारें १५४९ मध्यें जन्मला, १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास पोंचला, आणि पुढील चाळीस वर्षें बहुतेक साष्टी प्रांतांत घालवून १६१९ मध्यें वारला. त्याचें पुराण १६१६ मध्यें राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें, व १६४९ आणि १६५४ ह्या सालीं तें पुन्हां निघालें. दोन भाग, अनुक्रमें ३६ व ५९ अवस्वरू, आणि एकंदर १०,९६२ ओव्या, असा त्याचा विस्तार आहे. जुनीं पुराणें सोडावीं लागलेल्या नवख्रिस्ती लोकांस त्यांच्या जागीं वाचावयास कांहीं तरी असावें, हा त्याचा हेतु. देशी लिपींत ग्रंथ छापावे अशी स्टीफन्सची फार दिवसांची इच्छा होती. पण त्यासाठीं सहाशें साचे पाडावे लागतील व युरोपांत चोवीसांत काम भागतें, ही अडचण त्यानें १६०८ च्या आपल्या पत्रांत लिहिली आहे. प्रा. अ. का. प्रियोळकर यांनीं भारतांतील मुद्रणाच्या इतिहासावरील आपल्या १९५८ च्या ग्रंथांत ह्या पत्राचा परामर्श घेतला आहे.

वरील तीनहि मुद्रणांची एकहि प्रत आज ज्ञात नाहीं. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांनीं. मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांत जपलेल्या रोमन प्रतींच्या आधारें जोसेफ साल्डान्हा यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें त्याची आवृत्ति काढली. १९२३ च्या सुमारास जस्टिन अॅबट यांनीं लंडन येथील विल्यम मार्सडेन (१७५४-१८३६) यांच्या संग्रहांतील देवनागरी पोथी उजेडांत आणिली. तींत रोमन पाठांतील पोर्तुगीज शब्दांच्या जागीं पुष्कळ ठिकाणीं संस्कृत शब्द आहेत. अॅबट यांनीं हाच मूळ पाठ मानिला. तथापि त्याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. पुढें १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं पुण्याहून देवनागरी आवृत्ति प्रसिद्ध केली.

हा इतिहास येथें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, ज्या ग्रंथाचें मूळ मुद्रण नष्ट झालें, ज्याचा पाठ दोन लिपींतून फिरला, व ज्याच्या नकला अनेक हातांनीं झाल्या, त्याच्या पाठाची परीक्षा करण्यास बाहेरचीं साधनें थोडीं असतात. अशा वेळीं काव्याची रचना हेंच आंतलें साधन. परंतु तें साधन किती चालतें, हें छंदावर अवलंबून आहे.

(२) छंद : ओवी काय राखते व काय राखीत नाहीं

अक्षरगणवृत्तांत लिहिलेल्या काव्याचा पहारेकरी वृत्त हेंच असतें. मोरोपंतांची केकावलि पृथ्वी वृत्तांत आहे. तेथें प्रत्येक चरणांत सतरा अक्षरें, ज-स-ज-स-य हे गण, शेवटीं लघु व गुरु, आणि आठव्या अक्षरावर यति. लेखकाच्या हातून एक अक्षर गळलें किंवा लघूचा गुरु झाला, तर संस्कृत शिकलेल्या वाचकास तें डोळे मिटूनहि कळतें. आर्येंत मात्रांची मोजणी हेंच काम करते.

ओवीचें तसें नाहीं. ती मुळांत गाण्याची वस्तु. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत (११२९) महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडण करितांना ओव्या गातात असा उल्लेख आहे. हीच ओवी पुढें ग्रंथांत आली. ज्ञानेश्वरांची ओवी साडेतीन चरणांची व एकनाथांची साडेचार चरणांची, असें परंपरा सांगते. म्हणजे पहिले तीन चरण यमकानें बांधलेले, आणि चौथा ज्ञानेश्वरींत आखूड व यमकाबाहेरचा. अक्षरांची संख्या मात्र नियत नाहीं.

आपल्या चार ओव्यांची अक्षरें ज्या पाठानें त्या सर्वत्र प्रसिद्ध आहेत त्याप्रमाणें मोजलीं (जोडाक्षर एकच धरून), तर हिशेब असा येतो : पहिल्या ओवींत ११, ९, ९ व ५, दुसरींत ११, १०, ९ व ४, तिसरींत ८, ९, ८ व ५, चौथींत ८, १०, ११ व ६. एकंदर अनुक्रमें ३४, ३४, ३० व ३५. कोणतेहि दोन हिशेब सारखे नाहींत. ह्यावरून दोन गोष्टी निघतात. एक, ह्या ओव्या एकनाथी वळणाच्या नसून ज्ञानेश्वरी वळणाच्या, साडेतीन चरणी आहेत. चौथा चरण सर्वत्र पहिल्या तिहींहून लहान आहे. दुसरी, येथें अक्षरें मोजून पाठ दुरुस्त करण्याचा मार्ग बंद आहे. पहारेकरी उरतात ते दोन : तीन चरणांचें यमक आणि चौथ्या चरणाचें आखूडपण. पुढील विवेचनाचा सारा भार ह्या दोहोंवर आहे.

(३) चौकट

चारहि ओव्यांची चौकट एकच आहे. पहिल्या दोन चरणांत दोन उपमानें. तिसऱ्या चरणांत ज्यांच्यांतून निवड करावयाची त्या इतर भाषा, आणि तेथें ‘भासा’ हा शब्द चुकत नाहीं. चौथ्या, आखूड चरणांत मराठीचें नांव. चार ओव्यांत हें नांव चार वेळां आलें आहे, आणि चारहि वेळां तें चौथ्या चरणांतच आहे. दुसऱ्या ओवींत तर अख्खा चरण म्हणजे तो एकच चार अक्षरी शब्द.

ह्यांतील मार्मिकता अशी कीं, ओवीचा चौथा चरण हा स्वभावतः उतरता असतो. तीन यमकांचा चढ झाल्यावर आवाज तेथें खालीं बसतो, व तेथें यमकाचा आधार नसतो. दुबळा कवि ह्या जागीं पादपूरणार्थ कांहीं तरी भरतो. स्टीफन्सनें तीच जागा नांवासाठीं राखून ठेविली. हरळांत म्हणजे खड्यांत रत्नाची कीळ, रत्नांत निळा हिरा, फुलांत मोगरी, सुवासांत कस्तुरी, असें ऐकत आलेल्या श्रोत्याला ‘ती कोण’ ह्या प्रश्नाचें उत्तर शेवटच्या विसाव्यावर मिळतें. उत्तर चार वेळां एकाच जागीं मिळाल्यामुळें तें स्मरणांत रुततें.

(४) अलंकार

अलंकार उघडच उपमेचा आहे. एका उपमेयास अनेक उपमानें, म्हणून साहित्यदर्पणकार विश्वनाथाच्या परिभाषेंत ही मालोपमा होय. उपमानें आठ : रत्नकिळा, निळा हिरा, मोगरी, कस्तुरी, मयूर, कल्पतरु, बारा राशि, आणि रवि-शशी. त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. पायाखालच्या खड्यांपासून आरंभ होऊन फूल व सुगंध, मग पक्षी व वृक्ष, आणि शेवटीं आकाश, असा तो वर चढत जातो. शेवटच्या उपमानांत श्लेषहि आहे : सात वारांमधील रवि आणि शशी हे आदित्यवार व सोमवार, आणि तेच आकाशांतील सूर्यचंद्र.

ह्या साऱ्या उपमा एका विशिष्ट सांच्याच्या आहेत. समुदायांतून एकास वेगळें काढून श्रेष्ठ ठरवणें, ह्यास वैयाकरण ‘निर्धारण’ म्हणतात, त्यासाठीं षष्ठी किंवा सप्तमी वापरावी असें पाणिनि सांगतो (२.३.४१). स्टीफन्सनें सप्तमीच्या अर्थाचे मराठी प्रत्यय घेतले आहेत; पहिल्या दोन ओव्यांत ‘माजि’ हें ग्रंथांतलें रूप, व पुढील दोहोंत ‘मधे’ हें बोलण्यांतलें. हाच सांचा गीतेच्या दहाव्या अध्यायांत विभूति सांगतांना येतो, व तेथेंहि नक्षत्रांत चंद्र, वृक्षांत अश्वत्थ अशी निवड आहे. मराठी श्रोत्याच्या कानांत हा सांचा ज्ञानेश्वरींतून व पुराणश्रवणांतून पूर्वींच बसलेला होता. ह्यास्तव, स्तुति करणारा परका असला तरी स्तुतीची रीत परकी नाहीं. ‘ह्या द्वीपाच्या भाषांत’ अशी जी मर्यादा चौथ्या ओवींत घातली आहे, तीहि जंबुद्वीपाची कल्पना ठाऊक असलेल्या पौराणिकाच्या तोंडीं शोभेल अशीच आहे.

आतां एक सूक्ष्म गोष्ट. वामनानें उपमेचे जे सहा दोष सांगितले, त्यांत लिंगभेद हा एक आहे. म्हणजे उपमेय स्त्रीलिंगी व उपमान पुल्लिंगी असणें. दंडी ह्याविषयीं उदार आहे. जाणत्यांच्या मनास खटकत नसेल तर तो दोष नव्हे, असें तो काव्यादर्शाच्या दुसऱ्या परिच्छेदांत म्हणतो. आपल्या कवीचें उपमेय ‘भासा’ हें स्त्रीलिंगी. पहिल्या ओवींत ‘जैसी’ हें पद ‘रत्नकिळा’ ह्या स्त्रीलिंगी उपमानाशीं जुळतें, व हिरा हा ‘कि’ नें जोडलेला पर्याय म्हणून येतो. दुसरींत मोगरी व कस्तुरी दोन्ही स्त्रीलिंगी. ‘मोगरा’ न म्हणतां ‘मोगरी’ म्हटल्यामुळें यमक व लिंग दोन्ही साधलीं. पण तिसरींत मयूर आणि कल्पतरु हीं दोन्ही पुल्लिंगी, आणि नेमकें तेथेंच कवीनें वाक्याची रचना पालटली आहे. ‘जैसी-तैसी’ हीं पदें गेलीं. भाषा ही कर्ता राहिली नाहीं. ‘मान’ हा पुल्लिंगी शब्द वाक्यांत आला, ‘थोरु’ हें विशेषण त्यास लागलें, आणि मराठी चतुर्थींत गेली. त्यामुळें पुल्लिंगी उपमानांस पुल्लिंगी मानाची जोड मिळाली, व उकारान्त यमकहि तिहीं चरणीं सहज लागलें. ही योजना जाणून केलेली असो वा कानाच्या संस्कारानें आलेली असो, ती परभाषा शिकलेल्या माणसाच्या हातची आहे, ही गोष्ट लक्षांत घेतां तिचें मोल वाढतें.

(५) चौथ्या ओवीचा विच्छेद

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. पहिल्या तीन ओव्यांचीं यमकें स्पष्ट आहेत : पहिलींत ‘ळा’, दुसरींत ‘री’, तिसरींत ‘रु’. चौथींत पहिला चरण ‘राशी’ वर व दुसरा ‘शशी’ वर संपतो. तिसरा कोठें संपतो?

मीं स्वतः अनेक वर्षें वर्गांत ही ओवी शिकवितांना तिसरा चरण ‘भासांमधे’ येथें तोडीत असें, आणि ‘तैसी बोली मराठिया’ हा चौथा चरण म्हणून एका दमांत म्हणत असें. अर्थाच्या दृष्टीनें त्यांत कांहीं वावगें दिसत नाहीं. किंबहुना ‘तैसी बोली’ हीं विशेषण-विशेष्यें एकत्र राहतात म्हणून तेंच बरें वाटतें. मुलांनींहि तसेंच पाठ केलें.

ही चूक माझ्या ध्यानांत आणिली ती कोणा विद्वानानें नव्हे. आमच्या मसुऱ्याच्या घरीं पडवींत मीं ह्या ओव्या मोठ्यानें म्हणत होतों, व अक्षरओळख नसलेली, पण जात्यावरच्या ओव्या अखंड म्हणणारी माझी एक वृद्ध आते सुपांत तांदूळ निवडीत बसली होती. चौथी ओवी मीं संपविली तशी ती म्हणाली, “तैशीर थांब रे झिला, थंय ओवी वळता.” मग तिनें ती आपल्या चालीवर म्हणून दाखविली, ‘तैशी’ ह्या शब्दावर आवाज वर ठेवून थांबली, आणि शेवटचे दोन शब्द खालीं सोडले. पुस्तक तिनें पाहिलें नव्हतें. कानानें यमकाची तिसरी जागा शोधली होती.

तपासून पाहतां तिचेंच खरें ठरतें, व तें दोन स्वतंत्र प्रमाणांनीं. पहिलें प्रमाण यमकाचें. माझ्या विच्छेदानें तिसरा चरण ‘मधे’ वर संपे व त्यास यमकच उरत नसे. ‘तैसी’ वर थांबलें कीं राशी, शशी, तैसी अशी तिन्हींची जोड लागते. येथें कोणी शंका घेईल कीं, ‘शी’ चें यमक ‘सी’ शीं कसें? तर ती शंका लिपीची आहे, उच्चाराची नव्हे. आपण आजहि ‘असा, तसा, कसा’ म्हणतों, पण स्त्रीलिंगीं ‘अशी, तशी, कशी’ असेंच म्हणतों. इकारापुढें सकाराचा शकार होणें हा मराठीचा जुना स्वभाव आहे. पोथींत ‘तैसी’ लिहिलें असलें तरी तोंडांत ‘तैशी’ च येतें. माझ्या आतेनें तेंच उच्चारिलें. दुसरें प्रमाण चरणाच्या लांबीचें. माझ्या विच्छेदानें चरण ८, १०, ९ व ८ अक्षरांचे होत, म्हणजे चौथा चरण पहिल्याच्या बरोबरीचा होई. खऱ्या विच्छेदानें ते ८, १०, ११ व ६ होतात. चौथा इतर तीन ओव्यांप्रमाणेंच आखूड राहतो, आणि पहिले तीन चरण चढत जाऊन चौथ्यांत उतरतात. एकमेकांवर अवलंबून नसलेलीं दोन प्रमाणें एकच निर्णय देतात, तेव्हां तो निर्णय पक्का समजण्यास हरकत नाहीं.

चूक कां होते, तेंहि आतां सांगतां येतें. पहिल्या दोन ओव्यांत ‘तैसी’ हा शब्द तिसऱ्या चरणाच्या आरंभीं आला आहे. चौथींत कवीनें तोच शब्द तिसऱ्या चरणाच्या अखेरीस नेला, व वाक्य चरणाची सीमा ओलांडून पुढें गेलें. दोनदां ‘तैसी’ नें चरण सुरू झालेला पाहिलेल्या वाचकाचा डोळा तिसऱ्यांदाहि तेंच करूं पाहतो. नकलकाराच्या चुका बहुधा अशाच असतात. अज्ञानापेक्षां संवय त्यांस अधिक कारण होते.

(६) संग्राहकांस विनंति

एका शब्दापुरता हा खटाटोप कां, असें विचारिलें जाईल. त्याचें उत्तर आमच्या घरोघरच्या पोथ्यांत आहे. भरतगडाच्या पायथ्याच्या ह्या गांवापासून तेरेखोलपर्यंत व पुढें गोव्यांत ज्या ओवीबद्ध पोथ्या पेट्यांतून व देवघरांतून निघतात, त्यांत मजकूर सलग लिहिलेला असतो, दंड कधीं असतात, कधीं नसतात, आणि असलेले दंड नकलकाराच्या समजुतीप्रमाणें पडलेले असतात. पावसाळा व वाळवी ह्यांतून जें वांचतें तें आपण उतरून घेतों. पण उतरतांना शहाणपणानें जें दुरुस्त करितों, तें पुढें कोणासहि परत मिळत नाहीं. म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, चरण तोडतांना दंडावर किंवा अर्थावर विसंबूं नये; तीन यमकें शोधून मग तोडावें, आणि मूळांतील दंड जेथें असेल तेथें टीपेंत दाखवावा. दुसरी, लेखनशुद्धीच्या हौसेनें शब्दांचीं रूपें बदलूं नयेत. ‘भासा’ ची ‘भाषा’ केल्यानें येथें छंदाचें कांहीं बिघडत नाहीं, पण त्या काळच्या उच्चाराची एक साक्ष नाहींशी होते. ‘मोगरी’ चा ‘मोगरा’ केला तर यमक व लिंगसंगति दोन्ही जातात. तिसरी, ओवी उतरून झाल्यावर ती एकदां मोठ्यानें म्हणावी, व शक्य तर जिला ओव्या पाठ आहेत अशा एखाद्या वृद्ध बाईपुढें म्हणावी.

हीच कसोटी ख्रिस्तपुराणाच्या मोठ्या वादासहि लावतां येईल. रोमन पाठांतील पोर्तुगीज शब्द व मार्सडेन पोथींतील संस्कृत शब्द ह्यांपैकीं मूळचा कोणता, हें चरणाच्या मध्यावर असलेल्या शब्दांवरून ठरणें कठिण. कारण ओवींत अक्षरांची मोजणी नसल्यामुळें तेथें कोणताहि शब्द बसतो. परंतु पहिल्या तीन चरणांच्या शेवटीं असलेला शब्द बदलला, तर उरलेल्या दोन चरणांचीं यमकेंहि बदलावीं लागतात, आणि अशी फिरवाफिरव ठिगळाप्रमाणें दिसून येते. दोन्ही पाठ समोर ठेवून केवळ चरणान्त शब्दांची यादी केली, तर कोणत्या पाठांत यमक सहज आहे व कोणत्यांत ओढून आणिलेलें आहे, हें ओवीओवीनें कळेल. दहा हजारांवर ओव्यांचें हें काम एकट्याचें नव्हे. पण अवस्वरू वांटून घेतले तर चार-पांच चिकाटीच्या माणसांस तें आटोपण्यासारखें आहे. ज्यांच्याकडे रोमन प्रतींचीं सुटीं पानें असतील, त्यांनीं निदान चरणान्त शब्द तरी जसेच्या तसे उतरून ठेवावे.

मीं ज्या मुलांना चौथी ओवी चुकीची शिकविली, तीं आतां ठिकठिकाणीं पांगलीं आहेत. त्यांच्यापैकीं कोणाच्या हातीं हा लेख पडला, तर त्यानें ‘तैसी’ वर थांबून ती ओवी पुन्हां एकदां म्हणावी.